लंकेला नेलेली ओटी

आमच्या घरात दोन गोष्टींना मज्जाव होता, चहाला आणि घाईला. चहा मोठेबाबांनी बंद केला होता, कारण त्यांच्या मते चहाने रक्त पातळ होते आणि माणूस उलट बोलू लागतो. घाई मोठ्या आईने बंद केली होती, कारण घाईत भाजीला मीठ दोनदा पडते. मोठेबाबा म्हणजे माझे थोरले चुलते, आणि मोठी आई त्यांची बायको. माझी स्वतःची आई मी चार वर्षांची असताना गेली. तेव्हापासून मला न्हाऊ घालण्यापासून धपाटे घालण्यापर्यंत सगळे मोठ्या आईनेच केले, आणि दोन्ही कामांत तिने कधी हात आखडता घेतला नाही. दादा, म्हणजे माझे वडील, मोठेबाबांचे धाकटे भाऊ. ते फार कमी बोलत. दिवसभरात त्यांनी दहा वाक्ये बोलली, तर त्यांतली सात बैलांशी असत. गाव अनसिंगपासून दोन कोसांवर. पहाटे मला जाग यायची ती जात्याच्या घरघरीने, आणि त्या घरघरीच्या वर मोठ्या आईचा आवाज चढलेला असायचा. हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी, कळण्याची भाकर, जवसाची चटणी, आणि दुपारी शेतात हुरडा. आता माझ्या घरी सकाळी सहाच्या आत चहाचे दोन कप होतात. मोठेबाबा वरून बघत असतील तर बघू देत.

मी नागपूरला कॉलेजात होते, हे आमच्या गावाला तेव्हा जेमतेम पचले होते. मोठेबाबांना तर तेही पचले नव्हते. त्यांनी ते दोन वर्षे गालात धरून ठेवले होते, आणि थुंकायला निमित्त शोधत होते. ते निमित्त माझ्या भूगोलाच्या बाईंनी त्यांच्या हातात आणून दिले. नाताळच्या सुट्टीत आठ मुलींना घेऊन सिलोनला जायचे असे बाईंनी ठरवले, आणि घरोघर पत्रे पाठवली. आमच्या घरी ते पत्र मीच वाचून दाखवले. सिलोन म्हणजे लंका, हे सांगण्याची मी घाई केली, कारण मला वाटले देवाधर्माचे नाव निघाले की काम सोपे होईल. मोठेबाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "समुद्रापल्याड? काहून? अलीकडची जमीन सरली का?" मग त्यांनी मुलींनी समुद्र ओलांडल्यास काय काय होते त्याची यादी सांगितली. त्या यादीत ताप होता, केस गळणे होते, आणि स्थळ न मिळणे तर दोनदा होते. स्वतः मोठेबाबांनी उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता. पैनगंगेला पाणी असले की पलीकडच्या गावचे लग्नसुद्धा ते अलीकडूनच लावत, असे दादा म्हणायचे, अर्थात बैलांना.

दादा तेव्हा एवढेच म्हणाले, "जाऊ द्या तिले." आमच्या घरात हे म्हणजे भाषणच झाले. मोठेबाबांचा अडकित्ता थांबला. मग त्यांनी अट घातली. "संक्रांतीच्या दिवशी पोट्टी दारात पायजे. नाई दिसली तं कालेज तिथूनच बंद. मंग मले समजावाले कोणी येऊ नका." दादा म्हणाले, "मी सोता ठेसनावून घेऊन येतो. माहा शब्द हाय." माझे सगळे पुढचे शिक्षण त्या एका वाक्यावर टांगले गेले. मला मात्र त्या दिवशी त्याचे काहीच वाटले नाही. संक्रांतीच्या चार दिवस आधी परतायचे असा बाईंचा बेत होता. बाईंचा बेत म्हणजे छापील नकाशा, तो चुकेल असे कुणाच्याही मनात आले नसते.

मोठी आई या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. मला वाटले तिलाही हे पसंत नाही. पण त्याच दुपारी शेजारपाजारच्या बायका परसात वाती वळत बसल्या असताना ती एकदम म्हणाली, "मारुती गेला. राम गेला. इतके सारे वानरं गेले. पण तिच्या माहेराचं कोणी गेलं का वं तिले पाहाले?" कुणाला काही कळेना. मोठ्या आईने वात खाली ठेवली. "राजाची लेक. इतके दिवस त्या झाडाखाली बसून राह्यली. अन् तिची ओटी भराले माहेराहून एक बाई गेली नाई." मग सगळ्या एकदम बोलू लागल्या, आणि संध्याकाळपर्यंत ठरून गेले की मी लंकेत जाऊन सीतेची ओटी भरायची. ही कल्पना दुसऱ्या कुठल्या गावात निघाली असती की नाही, मला शंका आहे. आमच्या गावात ती निघाली, आणि तिच्यावर हसण्याची सोय उरली नाही, कारण पाच घरांतून सामान जमा झाले होते. हिरवा खण, बांगड्या, हळदकुंकवाची पुडी, हळकुंडे, सुपाऱ्या, गुळाचा खडा, आमच्या शेतातला बन्सी गहू, आणि अनसिंगच्या बाजारातला एक वाळका नारळ. मोठ्या आईने सगळे लाल फडक्यात बांधले. शिवाय मंगरूळपीरच्या दर्ग्यातला दोरा माझ्या मनगटाला बांधला. समुद्राचे काम आहे, एकट्या देवावर भार नको, असे तिचे म्हणणे होते.

दादांनी दमणी जुंपून मला अनसिंगच्या स्टेशनावर सोडले आणि जाताना त्यांचे घोंगडे माझ्या खांद्यावर टाकले. वर्ध्याला बाई आणि बाकीच्या मुली भेटल्या. त्यांच्यात माझी मैत्रीण नलू होती, नागपूरच्या वकिलाची मुलगी. ती माझ्या घोंगड्याला बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. मद्रास, मग पुन्हा गाडी, मग बोट. बोटीत मी ओटीचे गाठोडे मांडीवर घेऊन बसले होते आणि मला बिलकूल उलटी झाली नाही. नलूला चार वेळा झाली, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पलीकडे उतरून आगगाडी सुरू झाली, आणि मी खिडकीबाहेर पाहिले. नारळ. दोन्ही बाजूंना, डोळे पोचतील तिथवर नारळाची झाडे. शहाळी, सुके, पडलेले, लटकलेले. नारळाखेरीज जिथे दुसरे काही दिसत नव्हते, त्या बेटावर मी आमच्या अनसिंगचा वाळका नारळ घेऊन चालले होते. नलूने माझ्याकडे पाहिले आणि तोंडात पदर कोंबला.

सीतेचे म्हणून दाखवतात ते ठिकाण तिथल्या थंड डोंगराळ मुलखात होते, आणि तिकडे आम्ही शेवटी जाणार होतो. त्याच्या आधी श्रीपाद नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी दोन दिवस मुक्काम होता. तिथे पोचलो त्याच दिवशी सगळे बंद पडले. चहाच्या मळ्यांतल्या मजुरांनी काम टाकले होते, त्यांच्यामागून आगगाडीवाल्यांनी आणि मोटारवाल्यांनी टाकले. खालच्या पुलावर लोक लाल फडकी लावून बसले होते आणि एकही गाडी सोडत नव्हते. कुठेतरी गोळीबार झाला अशी बातमी आली, मग ती खोटी निघाली, मग पुन्हा खरी निघाली. आम्ही यात्रेकरूंच्या धर्मशाळेत अडकलो. दुकाने बंद, तेव्हा दोन्ही वेळा फणसाची भाजी आणि भात. पहिल्या दिवशी सगळ्यांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी बाईंनी बेटाची पर्जन्यरेषा समजावून सांगितली. तिसऱ्या दिवशी मी बोटांवर दिवस मोजायला लागले, आणि पाचव्या दिवशी बोटे संपली. दादांचा शब्द मी मोडणार हे मला स्पष्ट दिसत होते. एका कोपऱ्यात घोंगडे डोक्यावर घेऊन मी रडले. नलूने आत डोके घातले, म्हणाली "किती उबदार आहे गं," आणि तिथेच राहिली. घोंगड्यावर ती पुन्हा कधी हसली नाही.

बाईंना रडक्या मुली चालत नसत. त्यांनी जाहीर केले की संप आहे म्हणून सूर्य उगवायचा थांबत नाही, आणि आपण तो डोंगरावरून उगवताना बघायचा. मध्यरात्र उलटल्यावर कंदील घेऊन आम्ही निघालो. तो डोंगर म्हणजे नुसत्या पायऱ्या. लहान, मोठ्या, मोडक्या, ओल्या, आणि एक संपली की तिच्या जागी दुसरी हजर. आमच्या मुलखात उंच म्हणजे कडब्याची गंजी. माझ्या मांड्यांनी असले काम कधी पाहिले नव्हते. आजूबाजूला यात्रेकरूंची रांग, म्हाताऱ्या बाया काठी टेकत, तान्ही पोरे पाठीला, आणि सगळे काही तरी म्हणत चढत होते. संपामुळे मळ्यांतली तमिळ माणसेही बरीच होती. त्यांना इतकी मोकळी सुट्टी पहिल्यांदाच मिळाली असावी. मी एका हाताने बाईंची छत्री धरली होती, दुसऱ्या हातात ओटी. नलू म्हणाली, "ती खाली ठेवून यायची होतीस." पण माझ्याच्याने ती ठेववली नाही. बाईंनी मला आदल्या दिवशीच सांगितले होते की पूल बंद आहे, सीतेच्या जागी आता जाणे होणार नाही. पाच घरांच्या बायकांना जाऊन काय सांगायचे, हे मला कळत नव्हते. कॉलेज तर गेलेच होते, आता ओटीही तशीच परत जाणार होती.

माथ्यावर खडकात एक मोठे पाऊल उमटलेले आहे. बौद्ध म्हणतात ते बुद्धाचे, तमिळ लोक म्हणतात शंकराचे, आणि मुसलमान म्हणतात बाबा आदमचे. माझ्या मनगटावरच्या मंगरूळपीरच्या दोऱ्याला तिथे काही परके वाटले नसेल. तिथे एक घंटा आहे. तुम्ही जितक्या वेळा डोंगर चढून आलात तितक्या वेळा ती वाजवायची. एका वाकलेल्या म्हाताऱ्याने इतके टोले दिले की मागच्या लोकांनी बसून घेतले. मी एक टोला दिला. माझ्यामागे चाळिशीची एक काळीसावळी बाई होती, पुढचे दोन दात पडलेले, चेहऱ्याला हळद, गळ्यात ताली, म्हणजे त्यांच्याकडचे मंगळसूत्र. तिनेही एकच दिला, आणि आपण दोघी नव्या, अशा अर्थाने माझ्याकडे पाहून बोळके हसू हसली. मग सूर्य उगवला. खाली सगळीकडे ढग होते. ते आधी राखाडी होते, मग कापसाच्या ढिगासारखे पांढरे झाले. बाईंनी आम्हाला उलट बाजूला वळवले, कारण डोंगराची सावली बघायची होती. ती खरोखर तिकोनी होती आणि ढगांवर पार दूरपर्यंत पडली होती. "पाहिलंत?" बाई म्हणाल्या, जणू त्यांनीच ती पाडली होती. मला मात्र त्या क्षणी एवढेच दिसले की आणखी एक दिवस उजाडला.

मी पुन्हा रडायला लागले असणार, कारण ती बाई माझ्याजवळ येऊन बसली. कठड्याजवळ एका माणसाने शेगडीवर चहा मांडला होता. तो पूर्वी मुंबईच्या गोदीत हमाल होता, त्याला आपली हिंदी येत होती. त्याच्याकडून मला कळले की तिचे नाव वल्लियम्मा. तिचा नवरा संपात पकडला गेला होता. मळ्याच्या साहेबाने तिची भांडीकुंडी खोलीबाहेर काढून दाराला कुलूप लावले होते. नवरा सुटावा म्हणून ती देवाकडे आली होती. "मैके में कोई नहीं?" मी विचारले. त्या माणसाने तिला विचारून सांगितले की तिची आजी समुद्र ओलांडून इकडे आली, तिकडचे आता कोणी उरले नाही, गावाचे नावही तिला ठाऊक नाही.

मी फार विचार केला असे म्हणणार नाही. पुढे मुलांना शिकवताना मी या गोष्टीला बरेच विचार जोडले, पण त्या वेळी मी थकलेली होते, मला थंडी वाजत होती, आणि गाठोडे मांडीवर होते. मी ते सोडले. तिला काही समजावून सांगावे लागले नाही. फडक्यातला खण आणि हळकुंडे दिसताच ती उठून उगवतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने पदर पसरला. मी तिला हळदकुंकू लावले, खण, गहू, गूळ, बांगड्या घातल्या, आणि शेवटी तो अनसिंगचा वाळका नारळ. नारळाच्या मुलखातल्या त्या बाईने तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. मग तिने पदरातले चिमूटभर गहू उचलून माझ्या तळहातावर परत ठेवले. आमच्याकडे माहेरी ओटी भरली की लेक त्यातले पाच दाणे परत देते, आणि ते माहेरच्या कणगीत टाकतात. त्यांच्यातही तसे असावे, किंवा मी तिला उपाशी दिसले असेन. बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली होती आणि बराच वेळ काढली नाही. तिचे झाकण तसेच होते, हे नलूने मला नंतर सांगितले. मग वल्लियम्माने मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. माझा आयुष्यातला पहिला चहा.

संप दोन दिवसांनी मिटला, पण बोटींना गर्दी, गाड्यांना गर्दी. मी अनसिंगला उतरले ती करीच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. स्टेशनावर दादा होते. बाकड्यावर कडब्याच्या दोन पेंढ्या, खाली बैल सोडलेले, दमणीत पाण्याची घागर. ते पाच दिवसांपासून तिथे होते. संक्रांत त्यांनी फलाटावर काढली होती. मी त्यांच्या पाया पडले आणि रडत म्हणाले, "दादा, तुमचा शब्द मोडला." त्यांनी बैल जुंपले, मला वर बसवले, आणि अर्धा कोस गेल्यावर म्हणाले, "घरी गेलो असतो तं मोडला असता. ठेसनावर बसून होतो. नुसता लांबला." एवढे बोलून त्यांनी बाकीचे बैलांना सांगितले.

मोठेबाबांना हा हिशेब मान्य होणार नव्हता. ते ओसरीत बसले होते आणि अडकित्ता चालत नव्हता. माझी ट्रंक खाली उतरायच्या आत ते म्हणाले, "आता राहू दे तिले घरीच." तेवढ्यात पाची घरांच्या बायका अंगणात आल्या. मोठ्या आईने मला पाणी दिले, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि सगळ्यांच्या देखत विचारले, "भेटली का? भरली ओटी?"

हो म्हणावे असे मनात आले. हो म्हटले असते तर अंगणभर बायका माझ्या बाजूच्या झाल्या असत्या. पण मोठ्या आईशी खोटे बोलले की ती कान धरते, आणि तो धाक कॉलेजात जाऊनही सुटला नव्हता. मी म्हटले, "सीतेपर्यंत जाता आलं नाई. एका मजूर बाईची भरली." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हणाली, "सीतेची ओटी मजुरणीले?" मोठेबाबांनी मान हलवली.

मोठी आई घाई न करता जात्याच्या पाळीवर बसली. "तिचा नवरा कुठी हाय?"

"तुरुंगात."

"अन् घर?"

"मालकानं तिले काढून देल्लं."

"माहेराचं कोणी?"

"समुद्रापल्याड. कोणी राह्यलं नाई."

मोठी आई बायकांकडे वळली. "मंग सीता आनखी कशी असते वं? का मालकाले दहा तोंडंच पायजेत तुमाले?" मी पदराची गाठ सोडून ते गव्हाचे दाणे तिच्या हातावर ठेवले. तिने ते निरखून पाहिले. "हा तं आपलाच बन्सी. तिनं वापस देल्ले?" मी मान हलवली. मोठी आई उठली, आत गेली, आणि दाणे कणगीत टाकल्याचा आवाज नसतो तरी सगळ्यांनी तो ऐकला. बाहेर येऊन ती मोठेबाबांसमोर उभी राहिली. "दाणे वापस आले म्हणजे माहेर लागलं. आता दरसाल खण पाठवा लागते. कालेज बंद केलं तं लंकेले कोण जाईन? तुमी जाता का बोटीत बसून?"

मोठेबाबांनी एकदा दादांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग सुपारी तोंडात टाकली, आणि ती बराच वेळ चघळत राहिले. सुट्टी संपल्यावर मी नागपूरला गेले. चहा प्यायले हे मात्र मी त्या दिवशी सांगितले नाही. एका दिवसात किती खरे बोलायचे त्याला मर्यादा असते.

मी पुन्हा कधी लंकेला गेले नाही. परीक्षा आल्या, मग युद्ध आले, बोटी बंद झाल्या. पण दर संक्रांतीला मोठी आई ओसरीवर सगळ्यांसमोर एक हिरवा खण माझ्या हातात द्यायची, "तिले दे वं," म्हणायची, आणि मी तो ट्रंकेच्या तळाशी ठेवायची. मी बी.ए. झाले, पुढे बी.टी. झाले, तोवर चार खण जमले. प्रत्येक खणाची मला लाज वाटायची.

किती तरी वर्षांनी मोठी आई शेवटच्या दुखण्यात पडली होती. मोठेबाबा बाहेर ओसरीवर बसून होते. ती डोळे मिटूनच म्हणाली, "पोचले का वं खण?"

मी म्हटले, "पोचले."

"लबाड," ती म्हणाली. "तुही ट्रंक म्या कवाच पाह्यली."

"मंग दरसाल काहून देत होती?"

तिने एक डोळा उघडून ओसरीकडे पाहिले. "तुहे मोठेबाबा पाहात होते न."

ती सवाष्ण गेली, म्हणून तिची ओटी भरायची होती, आणि ती मी भरली. साठलेल्या खणांतला एक घातला, आमचा गहू घातला. तिला आता काही परत देता येत नव्हते, तेव्हा पाच दाणे मीच तिच्या ओटीतून उचलले आणि आत जाऊन कणगीत टाकले.